लॉरीची ओटी

नाशिक,
मार्गशीर्ष, सन १९३५, मंगळवार

प्रिय तानू,

सासरी तुझं नाव बदललं, पण ते काही माझ्या तोंडी बसत नाही. चिरंजीव सौभाग्यवती, अनेक उत्तम आशीर्वाद, असं सगळं रीतसर लिहायला घेतलं तर कागदाची एक बाजू त्यातच जाईल, आणि मला आज पुष्कळ लिहायचं आहे. तेव्हा तू आपली माझी तानू, एवढ्यावरच भागव. नजीरभाई उद्या कांद्याच्या बाजाराला विंचूरला निघालेत. आज दुपारच्या नमाजानंतर ते हे पत्र न्यायला येतील. तुझ्याच हातात द्यायचं, तुझ्या सासऱ्यांच्या नाही आणि जावईबापूंच्याही नाही, अशी त्यांना गळ घातली आहे.

सकाळपासून मला एका जागी बसवत नाही. दोन ओळी लिहितो, उठतो, लॉरीभोवती एक फेरी मारतो, चाकांच्या बोल्टांवरच्या चाक्या पान्यानं पिळून बघतो, परत येऊन बसतो. कालच पिळलेल्या चाक्या आज कशाला सैल होतील? पण हाताला चैन नाही. तुझी आई म्हणते, आणखी पिळाल तर आटे जातील, त्यापेक्षा पोरीला काय लिहायचं ते लिहून मोकळे व्हा. ती स्वतः मात्र तीच डाळ तिसऱ्यांदा निवडते आहे. आजचा दिवस भांडायचा नाही.

तर बातमी ही, की आपली लॉरी चालू झाली. हो, तीच. तू गेलीस तेव्हापासून घरामागच्या चिंचेखाली उभी होती. कोंबड्यांनी तिच्या हौद्यात संसार मांडला होता, बैठकीतला काथ्या उंदरांनी नेला होता, आणि भोपळ्याचा वेल मडगार्डावरून चढून पुढच्या दिव्याला जाऊन भिडला होता. मी त्या झाडाकडे बघायचंच टाळायचो. घोटीच्या भातगिरणीवाल्याची लॉरी हाकत होतो ना, तर दुसऱ्याच्या गाडीचं चाक दिवसभर हातात धरायचं, घरी यायचं, पुढच्या दारानं आत आणि पुढच्याच दारानं बाहेर. मागचं दार तुझ्या आईचं आणि कोंबड्यांचं.

तुझ्या लग्नाच्या दिवशी रस्त्यावर काय झालं, ते तुला प्रत्येकानं आपापल्या सोयीनं सांगितलं असेल. तू तर मांडवात मुंडावळ्या बांधून बसली होतीस. झालं ते असं. वऱ्हाड आणायला मी स्वतः लॉरी घेऊन विंचूरला गेलो होतो. देवळालीच्या छावणीतून लष्करानं मोडीत काढलेली गाडी, पण त्या दिवशी तिला आंब्याचे टहाळे आणि केळीचे खुंट बांधून अशी नटवली होती, की वाटेतली माणसं थांबून बघत होती. तुझे सासरे पुंजापाटील माझ्या शेजारी बैठकीवर, डोक्याला जरीचा फेटा, हातात काठी. चांदोरी ओलांडली आणि इंजिन दोनदा खोकून गप्प झालं. वैशाखाचं ऊन, बाभळीशिवाय सावलीला झाड नाही. हँडल मारून मारून माझे तळवे सोलले. मग वऱ्हाड खाली उतरलं आणि ढकलायला लागलं. व्याहीसुद्धा उतरले, तेवढा मोठेपणा त्या माणसानं केला, हे मी कुणापुढंही कबूल करीन. गाडीला वेग आल्यावर मी गिअर टाकला आणि मागच्या आसाचा दांडा कडकन तुटला. गाडी एकदम थांबली, पुंजापाटील हौद्यावर आपटून तोंडावर पडले. फेटा धुळीत, गुडघा फुटलेला, आणि मागून त्यांच्याच भावकीतलं कुणीतरी फिदीफिदी हसलं. गुडघा महिन्याभरात बरा झाला असेल. ते हसणं मात्र त्यांच्या कानातून अजून गेलेलं नाही.

पुढचं तुला ठाऊकच आहे. बैलगाड्या करून वऱ्हाड आलं तोवर गोरज टळून गेली होती. पुढच्या मुहूर्तावर कशाबशा अक्षता पडल्या. त्यांच्यातलं कुणी पंगतीला बसलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, पाठवणीचं काहीएक होऊ न देता, त्यांनी तुला टांग्यात बसवली आणि नाशिक रोडवरून आगगाडीनं नेली. त्यानंतर दोन पंचम्या गेल्या, दोन दिवाळ्या गेल्या. मी दोनदा तुला न्यायला मूळ म्हणून आलो आणि दोन्ही वेळा ओसरीवर बसून, तुला दाराआडून बघून परत गेलो. घरी आल्यावर तुझी आई विचारायची, बारीक झाली का? मी म्हणायचो, छे, चांगली आहे. आता सांगतो, मला नीट दिसलीच नव्हतीस. डोळे भरून आले होते.

थांब. एक फेरी मारून आलो. रेडिएटरखाली जमीन ओली दिसली म्हणून पळालो तर कोंबड्यांचं पाणी सांडलेलं निघालं.

दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. नजीरभाई सौद्यासाठी तुझ्या सासऱ्यांच्या ओसरीवर बसले होते. त्यांनीच विषय काढला, की पोरीला सहावा लागलाय, पहिलं बाळंतपण आईच्या घरी व्हावं, आता तरी पाठवा. पुंजापाटलांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं, “बहिरूला म्हनावं, ज्या गाडीनं आमाला उन्हात उभं केलं तीच गाडी माझ्या दाराशी आन. ढकलत नाय, चालत. मंग खुशाल ने लेकीला. दुसऱ्या कशात बसवून मी माझी सून धाडनार नाय.” नजीरभाईंनी हे मला जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाले, “बहिरूभाऊ, ही नाय म्हनायची रीत हाय. ती गाडी आता उठत नसती, हे त्यांना बराबर म्हाईत हाय.”

उठत नसती! मला असा राग आला, की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. मागच्या दारानं गेलो आणि कोयत्यानं सगळा भोपळ्याचा वेल छाटून काढला. तुझी आई धावत आली, म्हणाली, फुलं आली होती त्याला. मी म्हटलं, तानूला आणायची आहे. मग तिनंही पदर खोचला आणि कोंबड्या हाकलल्या. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याला सांगून आलो, की मी काही येत नाही, दुसरा डायवर बघा.

सलाउद्दीन मिस्त्री तुला आठवतोच. लहानपणी तुला टायरच्या ट्यूबमध्ये बसवून गंगागोदावरीत सोडायचा, आणि तू काठावर यायला तयार नसायचीस. भद्रकालीतलं त्याचं गॅरेज सोडून तो कुणाच्या दारी जात नाही, पण माझ्या दारी आला. चिंचेखाली उभा राहून त्यानं गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, “बहिरू, ही गाडी नाय, मयत हाय. कफन आनू का?” त्याची जीभ पहिल्यापासून तशीच. मी काय ते कारण सांगितलं. मग त्यानं टोपी काढून चिंचेच्या फांदीला अडकवली आणि म्हणाला, “आधी नाय का सांगायचं?”

तानू, त्या दिवसांत मी त्याला काय छळलं असेल! तीन वासे बांधून, साखळीनं इंजिन उचलून बाहेर काढलं तेव्हापासून मी त्याच्या मानेवर बसलो होतो. आज काय होईल, उद्या काय होईल, हे कधी, ते कधी. तुझ्या लग्नापासून त्या गाडीकडं मी पाठ फिरवली होती, आणि आता तिच्या पोटातली एकेक वस्तू रॉकेलात धुवून गोणपाटावर मांडताना मला वाटायचं, सगळं एका दिवसात जागेवर बसावं आणि संध्याकाळी आपण विंचूरला असावं. पिस्टनच्या रिंगा झिजून पत्र्यासारख्या झाल्या होत्या, त्या मुंबईहून मागवल्या. व्हॉल्व्ह हातानं घासून घासून बसवले, ते काम मीच केलं, कारण मला काहीतरी करायला देऊन गप्प बसवायचं होतं त्याला. गिअरच्या पेटीतलं काळं वंगण काढलं तर त्यातून दात्यांचे तुकडे निघाले.

सगळ्यात वेळखाऊ काम बेरिंगांचं. पांढरा धातू वितळवून बेरिंगात ओतायचा. मग इंजिनाच्या दांड्याला निळा रंग फासायचा, तो बेरिंगात फिरवायचा, आणि जिथं रंग उमटेल तिथं उंचवटा आहे असं समजून तेवढंच पात्यानं खरवडायचं. परत रंग, परत फिरवणं, परत खरवडणं. माझा जीव नुसता वरखाली. मी म्हणायचो, अरे, पुरे झालं, बसव आता. तो मान वर न करता म्हणायचा, “तू चूप बस. पोटुशी पोर बसनार हाय हिच्यात.”

मागच्या आसाचा नवा दांडा इगतपुरीच्या एका माणसानं कातून दिला. रेल्वेतून सुटलेला जुना फिटर आहे तो, कान गेलेत पण हात गेलेले नाहीत. दांडा घेऊन येताना सगळ्या प्रवासात तो मी मांडीवर आडवा धरून बसलो होतो, खाली ठेवायची माझी छाती झाली नाही. क्लचला चामड्याचा पट्टा असतो, तो वाळून पापड झाला होता. नवा पट्टा कापून आणला, तो तुझ्या आईनं मऊ केला. रोज सकाळी पाय पसरून बसायची आणि बाळाच्या टाळूवर तेल जिरवावं तसं त्या चामड्यावर एरंडेल जिरवायची. मी समजलो, हिचं हे काम झालं, आता ही यात आणखी काही करायची नाही. तिथं मी चुकलो.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास इंजिन जागेवर बसलं. तुला तेव्हा सातवा होता. सातवा महिना आणायला चांगला, तेव्हा चार दिवसांत निघायचं असं ठरलं. इंजिनाच्या कुशीला एक झाकण असतं, आत हात जाईल एवढं. आतल्या चाक्या शेवटच्या पिळायला ते काढून ठेवलं होतं. काम झालं, सलाउद्दीननं हात बाहेर काढला, वर गोणपाट टाकलं आणि आम्ही जेवायला गेलो. परत आल्यावर त्यानं गोणपाट बाजूला केलं, झाकण बसवलं, तेल ओतलं. आत डोकावायचं त्याला काही कारणच नव्हतं. मी हँडल मारलं. दुसऱ्याच फेऱ्याला ती जागी झाली, आणि काय सांगू तुला, मी तिथंच रडायला लागलो, पन्नाशीचा बाप्या. सलाउद्दीन हसला. तुझी आई मागच्या दारात हात जोडून उभी होती.

थोडा वेळ छान चाललं. मग आतून टक् असा आवाज आला. मग टक् टक्. सलाउद्दीनचं हसणं मावळलं. धूर दिसला आणि त्यानं धावत जाऊन इंजिन बंद केलं. झाकण उघडून हात घातला तर मुठीत काय आलं? तांदूळ. काळ्या तेलात भिजलेले तांदूळ. मग हळकुंड, मग खोबऱ्याचा तुकडा, मग सुपारीची दोन भकलं. शेवटी दांड्याला गुंडाळला गेलेला कापडाचा बोळा ओढून काढला. तो बिचारा घाबरलाच. म्हणाला, “कुनी दुश्मनी केली रे तुझ्याशी?” पण बोळा उलगडल्यावर मी तो ओळखला. हिरवा खण. तुझ्या पाठवणीच्या ओटीसाठी तुझ्या आईनं येवल्याहून निवडून आणलेला.

मी तिला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. अर्धा आडगाव नाका ऐकत होता. ती हलली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, “माझी लेक मोकळ्या ओटीनं गेली. दोन वरसं व्हाया आली. आता ही जाती तिला आनाया, तर हिला बी मोकळीच धाडू?” मी ओरडलो, अगं, मग नारळ पुढं ठेवायचा, तांदूळ वरून टाकायचे, इंजिनात कोण घालतं? तर मलाच येडा ठरवून म्हणाली, “ओटी पोटाशी भरत्यात. कपाळावर नाय भरत.” सलाउद्दीननं हातातला पाना चिंचेच्या बुंध्यावर फेकून मारला आणि निघून गेला.

दोन दिवस तो आला नाही. मी त्याच्याकडे गेलो नाही, कारण काय तोंड घेऊन जायचं? शेवटी त्याची आई जैतुनबी त्याला हाताला धरून घेऊन आली. जिच्या हातावर तू जन्मलीस तीच जैतुनबी. आता वाकून चालते, पण आवाज तसाच खणखणीत. त्याला माझ्या अंगणात उभं करून म्हणाली, “बयाबाईचं काय चुकलं? तुमी तिला सांगितलं होतं का, की हे पोट रिकामंच ठेवायचं असतं?” सलाउद्दीन कामाला लागला. तुझी आई चहा घेऊन गेली तेव्हा त्यानं कप घेतला, पण बोलला मात्र आठवड्यानं. तो खण तिनं साबणानं धुतला, रिठ्यानं धुतला. डाग गेले नाहीत. तरी घडी घालून ठेवला आहे.

पण जळायचं ते जळून गेलं होतं. बेरिंग पुन्हा ओतायचं, पुन्हा निळा रंग, पुन्हा खरवडणं. तेलाच्या नळीत तांदूळ अडकले होते, ते तारेनं एकेक करून काढले. दांड्यावर ओरखडे उठले होते, तो घासून गुळगुळीत करायला वेगळे दिवस गेले. कार्तिक संपला. तुला आठवा लागला. हा हिशेब मी तुझ्या आईपुढं कधी मांडला नाही, पण अमावास्येच्या सकाळी ती तुळशीपाशी बोटांवर महिने मोजत बसलेली मला दिसली आणि मला कळलं, की तिनं तो मांडला आहे. तू तिला यावरून कधी एका शब्दानं बोलू नकोस. माझी शपथ आहे तुला.

नजीरभाई यायला अजून वेळ आहे. मी आता उठत नाही, सलग लिहून टाकतो.

परवा रविवारी गाडी चाचणीला बाहेर काढली. चांदोरीपर्यंत जायचं आणि परत यायचं, असं मी ठरवलं होतं. ती जागा ओलांडायचीच होती मला. सलाउद्दीन शेजारी बसला. इतक्यात तुझी आई नऊवारीचा काष्टा आवळून, गोधडी बगलेत मारून आली आणि म्हणाली, मी मागं हौद्यात बसते. पोरगी जिथं पाय पसरून बसणार तिथं. मी म्हटलं, बस. मग ती परत आत गेली आणि काठोकाठ भरलेली तांब्याची घागर घेऊन आली. वर झाकण नाही. हौद्यात गोधडीवर मांडी घालून बसली, घागर पोटाशी धरून. मला वाटलं, चांगल्या कामाला निघताना भरली घागर बरोबर असावी, असं काहीतरी असेल. एकदा इतकं बोललो होतो, आता कशाला विचारा?

काय पळाली गं गाडी! आवाज कसा, एका लयीत. क्लच लोण्यासारखा. चढाला गिअर बदलला तर पोटातलं पाणी हललं नाही, निदान माझ्या. ती बाभळीची जागा आली तेव्हा मी भोंगा दाबून धरला आणि सलाउद्दीननं खिडकीतून हात बाहेर काढून रस्त्याला सलाम केला. दोघंही पोरांसारखे ओरडत होतो. चांदोरीच्या पारापाशी वळवली आणि तशीच परत आणली. कुठं थांबली नाही, खोकली नाही, तापली नाही. दारात उभी केली आणि मी उडी मारून मागं गेलो, म्हटलं, कशी काय बयाबाई?

तानू, ती नखशिखान्त भिजली होती. गोधडी भिजली होती. घागरीत तळाला पाणी होतं, ओंजळीनं मोजता येईल एवढं. कोपर फळीवर आपटून निळं पडलं होतं आणि दात अजून आवळलेले होते. मला म्हणाली, “इंजान तुमचं झ्याक झालंय. पर रस्ता कुनी दुरुस्त केला?” आणि घागर तशीच माझ्या हातात दिली.

काल दिवसभर आमचं हेच चाललं होतं. मी म्हटलं, हौद्यात गवत भरतो, वर सगळ्या घरच्या गाद्या घालतो. म्हटलं, धक्के सोसणारे कमानपाटे बदलतो. म्हटलं, बैलाच्या चालीनं आणतो, दोन दिवस लागले तर लागू देत. म्हटलं, व्याह्यांना गाडी दाखवतो आणि तुला लासलगावहून आगगाडीत बसवतो. ती म्हणायची, आणि लासलगावपर्यंत? सलाउद्दीन खाली बघत पाना पुसत होता. त्यानं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं होतं. शेवटी जैतुनबी आली. तिनं घागर बघितली, गोधडी हातानं चाचपली आणि सांगून टाकलं, “आठव्यात हलवू नको. त्यात पैलटकरीन. मी तिला या हातांनी आणली, मी सांगते, नको.” तिच्यापुढं कुणाचं चालतं? मी उठलो आणि लॉरीच्या चाक्या पिळायला गेलो. पिळण्यासारखी एकही चाकी उरलेली नव्हती.

तर ज्यासाठी लिहायला बसलो ते आता लिहितो. परवा गुरुवारी आम्ही येतोय. लॉरी तुझ्या सासऱ्यांच्या दारापर्यंत येईल, कुणी हात न लावता, चालत. पण तुला घेऊन जाणार नाही, तानू. मागच्या हौद्यात तुझी आई असेल, तिची वळकटी, डिंक, अळीव, सुंठ आणि जुन्या लुगड्यांची दुपटी. ती तुझ्यापाशी राहायला येते आहे, बाळ होईपर्यंत आणि पुढचा सव्वा महिना. लेकीच्या सासरी आईनं बाळंतपणाला जाऊन राहायचं, असं आपल्यात कुणी केलेलं मला ठाऊक नाही. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आपली रीत. मी ते म्हणालो, तर ती म्हणाली, मी रीत सांभाळत बसले तर पोरीला कोण सांभाळणार? पुंजापाटलांना विचारायचं काम माझं. त्यांची अट मी पुरी केली आहे, आणि त्या बदल्यात लेक न मागता तिच्या आईला घरात जागा मागणार आहे. पागोटं हातात घेऊन मागेन, पायरीवर बसून मागेन, मला आता त्याचं काही वाटत नाही. नाही म्हणाले तर तुझी आई म्हणते, मी त्यांच्या दारासमोर लॉरीच्या हौद्यात राहीन. आणि ती राहील, तू ओळखतेस तिला. मग गाडीही तिथंच उभी राहील आणि मीही. नजीरभाई सांगत होते, तू दसऱ्यापासून गाठोडं बांधून ठेवलं आहेस. ते आज सोडून टाक. रडू येईल तेवढं आजच रडून घे, गुरुवारी मला ते बघवायचं नाही. आणि भोंगा ऐकू आला की पळत येऊ नकोस बाई. तू उंबऱ्याच्या आतच थांब. आम्ही उतरून येतो.

तुझाच,
नाना